बोडक्या टोकावरचा धूर

मुलांनो, आधी एक करा.

तुमचा डावा तळहात तोंडासमोर उभा धरा. त्यावर जोरात फुंकर मारा. आता उजव्या हाताचं बोट तळहाताच्या मागे न्या आणि पुन्हा फुंकर मारा.

बोटाला वारा लागला?

नाही ना. आता असं समजा, की तो तळहात म्हणजे एक डोंगर आहे. काळा, कातळाचा, सरळ समुद्रात उतरलेला. फुंकर म्हणजे दुपारचा वारा. आणि मागे लपलेलं बोट म्हणजे एक शिडाची होडी. त्या होडीत तुम्ही बसला आहात.

बसलात?

मग सांगतो. हे खरं घडलेलं आहे. मी स्वतः त्या होडीत होतो. मी सुहास, छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांना घाबरवायची मला हौस नाही. तरी हे सांगायला मला बराच काळ लागला.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं तुम्हाला वाटत असेल. ही दुपारची आहे. लख्ख उन्हातली.

१५ एप्रिल २०२३, शनिवार. गाव आमचं रत्नागिरीजवळ, मालगुंड आणि आरे-वारे यांच्या मधलं. छोटंसं. पन्नास-साठ घरं, एक लहान खाडीसारखा आत शिरलेला समुद्र आणि एक दगडी धक्का. धक्क्याच्या उत्तरेला एक डोंगर समुद्रात पुढे आलेला आहे. त्याला आम्ही बोडकं टोक म्हणतो. माथ्यावर एक झाड नाही, गवताची काडी नाही. नुसता सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. उन्हात पाय भाजतात.

आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती झाली होती. माझी नात रसिका मिरवणुकीत घोषणा देऊन देऊन घसा बसवून आली होती. अकरा वर्षांची. तिचे आईवडील कामासाठी मुंबईत, ती आमच्याकडे. तिला होडी शिकायची होती, आणि शिकवणारा एकच माणूस उरला होता.

भागोजी.

भागोजी माझ्याच वयाचे, सत्तरीला आलेले. गावातल्या बाकी होड्यांना इंजिन लागलं. यांनी लावलं नाही. एक लहान शिडाची होडी, तिच्यात रोज पहाटे बाहेर पडायचं आणि दुपारी परत यायचं.

"गुरुजी, तुमचा वारा पुस्तकातला," ते मला नेहमी चिडवायचे. "फळ्यावर बाण काढलात की झाला वारा. जरा कान उघडे ठेवून बसा. वारा आधी कानाला कळतो."

"मग फळ्याला कान लावू का?" मी म्हणायचो.

"लावा. तुमच्यापेक्षा फळ्याला जास्त कळेल!"

रसिका खुदुखुदु हसायची.

त्या पहाटे आम्ही तिघं मतलई वाऱ्यावर निघालो. मतलई म्हणजे रात्री थंड झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. तो होडीला बाहेर नेतो. दुपारी तोच उलटा होतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो होडीला घरी आणतो. जाताना एक, येताना दुसरा. आमच्याकडच्या शिडाच्या होड्या पिढ्यान् पिढ्या अशाच चालल्या.

टोकाजवळून जाताना भागोजी म्हणाले, "पोरी, इथं वर बगायचं नाय. पाण्याकडं बग."

"का?"

"पाणी काळं झालं की समज, तिथं जोराचा वारा हाय. डोंगराकडं बगून काय कळत नाय."

"पण वर बघितलं तर काय होतं?"

भागोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सांगून टाका, असं मलाच वाटलं. मुलांपासून गोष्टी लपवू नयेत, हे माझं नेहमीचं मत.

ते म्हणाले, "आपला धक्का टोकाच्या पोटात हाय. दुपारी परत येताना टोकाच्या पोटात काय चाललंय ते भायरनं दिसत नाय. कधी आत वाराच नसतो. पाणी तेलासारखं. तेव्हा टोकाला चिकटून वळायचं, शीड उतरवायचं, वल्ही मारायची. दहा मिनटात धक्का. पण कधी सड्यावरनं वारा खाली कोसळतो. भिंत पडावी तसा. शीड असलं तर होडी पालथी. वल्ह्यावर असलात तर खडकावर."

"मग आधी कळणार कसं?"

"पूर्वी धुरावरनं कळायचं. मार्च-एप्रिलात भाताच्या जमिनीत पातेरा, सुकी पानं, पसरून जाळतात ना, भाजावळ? तिचा धूर उतारावर दिसायचा. धूर सरळ उभा, तर आत वारा नाय. खाली लोळला, तर वारा कोसळतोय. लांबनं जा."

मग त्यांनी गंगाकाकीचं सांगितलं. भागोजींची सख्खी काकी. भागोजी तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. काका, म्हणजे रावजी, होडी घेऊन गेले की ती सुक्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन टोकावर चढायची आणि दुपारी धूर करायची. नवऱ्याला वारा कळावा म्हणून. एका दुपारी वाऱ्याने तिची आग टिकेना. तिने ती गडग्याच्या आड पेटवली. गडगा म्हणजे चिऱ्यांचा बांध.

"आडोशाला धूर सरळच जाणार," भागोजी म्हणाले. "काकांनी बगितला. वारा नाय म्हणून टोकाला चिकटून वळले... तिच्या डोळ्यांसमोर गेले."

"मग काकी?"

"बोलायची बंद झाली. पातेरा तेवढा गोळा करायची, शेवटपर्यंत. म्हणून आम्ही वर बगत नाय."

रसिकाने पाण्याकडे पाहिलं.

दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही परत फिरलो. खारा वारा वायव्येचा, चांगलाच भरला होता. सुकाणू रसिकाच्या हातात होतं. भागोजी शिडाची दोरी धरून बसले होते.

एकदम त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

"धरा जरा, गुरुजी."

आणि ते होडीच्या तळाशी आडवे झाले.

चेहरा राखेसारखा. घामाने शर्ट ओला. डावा हात छातीवर घट्ट.

"भागोजी! काय होतंय?"

"दगड... दगड ठेवलाय कुणीतरी."

मी पिशवीतून फोन काढला. भागोजींचा मुलगा सागर, त्याला लावला. लागला.

"सागर, वडिलांना छातीत कळ आलीय. इंजिनची होडी पाठव!"

"गुरुजी, दोन्ही होड्या मिरकरवाड्याच्या बंदराला गेल्यात! यायला दोन तास लागतील. तुम्ही या कसंही. मी गाडी धक्क्याला लावतो. लवकर या, गुरुजी. लवकर..."

फोन तुटला. परत लागला नाही.

आता तुम्ही ते डोळ्यांपुढे आणा. माझ्या हातात दोरी. वाऱ्याने ती इतकी ताणलेली की बोटं पांढरी पडलेली. ती सोडून मला भागोजींजवळ जाता येईना. रसिका सुकाणूवर. तिचा बसलेला घसा, आवाज फुटेना. आणि समोर बोडकं टोक मोठं मोठं होत होतं.

दोन वाटा होत्या. टोकाला चिकटून वळायचं, दहा मिनिटांत धक्का. किंवा लांबून वळसा घालायचा, खाली दक्षिणेला जायचं आणि तिथून वाऱ्याविरुद्ध नागमोडी परत वर यायचं. त्याला पाऊण तास.

भागोजींकडे पाऊण तास होता का?

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मधेच थांबायचा. मी मनात आकडे मोजायचो. एक, दोन, तीन, चार... मग तो परत यायचा.

"आजोबा..."

रसिकाचा आवाज कुजबुजल्यासारखा आला.

"वर कुणीतरी भाजावळ केलीय."

मी वर पाहिलं.

बघायचं नव्हतं. तरी पाहिलं.

टोकाच्या माथ्यावर... धूर होता.

जिथे गवताची काडी नाही. जिथे शेत नाही, माती नाही. त्या उघड्या कातळावरून एक बारीक, निळसर धूर वर चालला होता.

सरळ.

काठीसारखा सरळ.

आमचं शीड टच्च फुगलं होतं. माझी टोपी केव्हाच उडून गेली होती. वारा कानात घोंघावत होता. आणि त्याच वाऱ्यात तो धूर... जराही हलत नव्हता.

"गडग्याआड असेल कुणीतरी," मी म्हणालो. माझाच आवाज मला खोटा वाटला. वरचा गडगा पडून तीस वर्षं झाली होती. दगडसुद्धा लोकांनी घरांना नेले होते.

मग वास आला.

सुक्या पानांचा जळका वास. डोंगरावरून येण्याचं कारणच नव्हतं. वारा समुद्राकडून होता, आमच्या पाठीवर. डोंगराचा वास आमच्याकडे येणार कसा? मी मुलांना हेच तर शिकवत आलो होतो.

वास होडीतूनच येत होता.

आणि मग... आवाज.

कचर्... कचर्...

सुक्या पानांवर कुणी पाय टाकावा तसा. फळ्यांच्या खालून. जिथे फक्त पाणी होतं.

रसिकाने पाय वर घेतले. तिलाही ऐकू येत होतं.

भागोजींनी डोळे उघडले. ते आमच्याकडे बघत नव्हते. टोकाकडे बघत होते. आयुष्यभर ज्या माणसाने तिकडे पाहिलं नाही, तो टक लावून बघत होता.

"काकी आलीय," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. पाहुणे आल्यावर सांगावं तसं. "म्हणते, आत वारा नाय. या म्हणते."

कचर्... कचर्...

"आत घ्या, गुरुजी. ती खोटं नाय बोलत आता."

मुलांनो, मी विज्ञान शिकवलेला माणूस आहे. भूत, देव, अंगात येणं, यातलं काही आमच्या घराने मानलेलं नाही. पण त्या क्षणी मी तो धूर मानला. मला तो मानायचाच होता. दहा मिनिटांत धक्का. सागरची गाडी. माझा मित्र.

"रसिका, आत घे!"

ती हलली नाही.

"रसिका! आत घे सुकाणू!"

"आजोबा, पाणी काळं आहे."

मी पाहिलं. टोकाच्या कडेला पाण्यावर काळा, शहारलेला पट्टा होता. टोकाच्या अणीला वारा नेहमीच वाढतो. तो तिथलाच होता, की आत वारा कोसळत असल्याची खूण होती? कळायला मार्ग नव्हता.

"ते टोकाचं आहे. आत नाही. आत वारा नाही!"

"तुम्हाला कसं माहीत?"

काय सांगणार होतो? धूर सांगतोय म्हणून?

"त्यांनी सांगितलंय वर बघायचं नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही. दोन्ही हात सुकाणूवर होते. "पाण्याकडे बघायचं."

"भागोजी आजोबा मरतील, रसिका!"

हे मी बोललो. अकरा वर्षांच्या मुलीला. मी, जो कधी वर्गात आवाज चढवत नसे.

तिने ओठ घट्ट मिटले आणि सुकाणू बाहेर ढकललं.

होडी टोकापासून दूर गेली. मी दोरी सोडून तिच्या हातातून सुकाणू ओढू शकलो असतो. पण दोरी सोडली असती तर शीड सुटून होडी हाताबाहेर गेली असती. मी बसून राहिलो.

टोक मागे गेलं. मी एकदाच वळून पाहिलं.

धूर आता सरळ नव्हता. तो वाकला होता. वाऱ्याच्या उलट, समुद्राकडे.

आमच्याकडे.

आम्हाला पाऊण तास नाही, पन्नास मिनिटं लागली. रसिकाने एकदाही चूक केली नाही. नागमोडी येताना प्रत्येक वळणावर ती पाणी बघायची, मला खूण करायची, मी शीड फिरवायचो. शिकवणाऱ्याने अभिमानाने बघावं असं ते काम होतं. मी भागोजींचा श्वास मोजत होतो.

धक्का शंभर हातांवर आला तेव्हा शीड एकदम गळून पडलं.

वारा नव्हता.

पाणी तेलासारखं. मी वल्ही मारली. बाकी कसलाच आवाज नाही. डोंगराच्या पोटातली ती शांतता अजून माझ्या कानांत आहे.

सागर गुडघाभर पाण्यात उतरला होता. चार जणांनी भागोजींना उचललं. सागरची बायको नम्रता धक्क्यावर रडत उभी होती.

"इतका वेळ का लावलात हो, गुरुजी?" ती म्हणाली. रागाने नाही, बिचारी घाबरली होती. "फोन आल्यापासून मी इथंच उभी आहे. इथं तर पान हलत नाही. सरळ आत यायचंत ना..."

मी पटकन रसिकाकडे पाहिलं.

तिने ऐकलं होतं.

गाडी रत्नागिरीच्या रस्त्याला लागली. आरे-वारेच्या वळणावर भागोजी गेले. सागरने नंतर सांगितलं, शेवटी ते फक्त हसले आणि म्हणाले, "पातेरा ओला हाय, काकी."

त्या रात्री मी रसिकाला जवळ घेतलं. म्हणालो, "तू बरोबर केलंस. आत शांत होतं, हे आपल्याला नंतर कळलं. आधी कळायला मार्ग नव्हता. जे दिसत होतं त्यावरून तू ठरवलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. तिला ते समजलं असणार. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घसा केव्हाच बरा झाला होता.

मला अजून ठरवता येत नाही. तो धूर आम्हाला वाचवायला होता, की बुडवायला? आम्ही आत वळलो असतो तर भागोजी जगले असते, की आम्ही तिघंही त्या खडकांवर गेलो असतो? आत पान हलत नव्हतं, हे खरं. पण होडी आत शिरल्यावर ते तसंच राहिलं असतं का? सड्यावरचा वारा सांगून येत नाही. याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. मी शोधलं.

चौथ्या दिवशी दुपारी चारला रसिका घरात नव्हती.

शाळेत नव्हती. भागोजींच्या घरी नव्हती. धक्क्यावर नव्हती.

मग नम्रता धावत आली. "गुरुजी, टोकावर धूर दिसतोय..."

मी चढलो. कसा चढलो, मला माहीत नाही. जोरात हाक मारायची भीती वाटत होती, उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं तर?

रसिका माथ्यावर बसली होती. पाठमोरी. शेजारी काजूच्या सुक्या पानांनी भरलेलं पोतं, तिने खालून वाहून आणलेलं. समोर लहानशी आग. आडोसा नाही, उघड्या कातळावर. धूर समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर जमिनीकडे झुकला होता, जसा झुकायला हवा तसा.

माझ्या जिवात जीव आला.

"रसिका. चल बाळा, घरी."

तिने मान वळवली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"आजोबा, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आडोशाला धूर खोटा उभा राहतो, हे तिला माहीतच नव्हतं."

"कुणाला, बाळा?"

ती माझ्या मागे बघत होती.

कचर्...

माझ्या पाठीमागे. अगदी जवळ.

कचर्...

त्या सड्यावर एकही पान नव्हतं. मी वळलो नाही. माझ्याने वळवेना. जळक्या पानांचा वास माझ्या खांद्यावरून पुढे गेला. वाऱ्याच्या उलट.

रसिका घाबरली नाही. वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बाकावर जागा करून द्यावी, तशी ती थोडी बाजूला सरकली. एका माणसापुरती.

मग तिने पोत्यात हात घातला, मूठभर पानं काढली आणि त्या रिकाम्या जागेकडे पुढे केली.

"इथे टाका," ती म्हणाली. "उघड्यावर."

तिने हात मागे घेतला, तेव्हा मूठ रिकामी होती.